भाऊसोंच्या दाराचा पडदा

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर चिंधी म्हणाल, आणि तुमचं काही चुकणार नाही. चार हात लांब, चार बोटं रुंद अशी एक पट्टी, काचेला चिकटवलेली, कडांचे दोरे सुटलेले. पण मी एक जुना पडदा आहे. एके काळी मी अख्खं दार झाकून उभा होतो, आणि एक माणूस माझ्या भरवशावर घरातून बाहेर पडत होता. त्या माणसाला वगळलं तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. सूत जाड, वीण घट्ट आणि रंग झेंडूचा. असलं कापड मांडवाच्या झालरीला जातं, नाहीतर बँडवाल्यांच्या गाडीला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी सगळ्यांत खालच्या फळीवर पडून होतो. वरच्या फळ्यांवर साईच्या रंगाची, फिकट निळी, बारीक फुलांची कापडं होती. गिऱ्हाईक आलं की ती उतरत, उलगडत, आणि कात्री लागून कुणाच्या तरी बंगल्यात निघून जात. माझ्यावर दुकानातलं मांजर झोपायचं.

१९९५ साली एका दुपारी भाऊसो आणि त्यांच्या पत्नी सरुबाई त्या दुकानात आले. बरोबर त्यांचा मुलगा संघर्ष होता. भाऊसोंनी सगळी उमर बिद्रीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी कळंब्याच्या बाजूला छोटा बंगला बांधला. संघर्ष गारगोटीच्या हायस्कुलात शिक्षक. त्याने पुण्याला मित्राच्या घरी एक दार पाहिलं होतं. अॅल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात सरकणारी भिंतभर काच. तसंच दार त्याने हॉल आणि मागची फरशी यांच्यामध्ये बसवून घेतलं. घरात उजेड नुसता धबाधबा येऊ लागला.

आणि पहिल्याच आठवड्यात भाऊसो त्या काचेवर जाऊन आदळले.

त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उरलेल्या नजरेला धुक्यातून दिसावं तसं दिसायचं. दार लागलेलं आहे की उघडं, हे त्यांना कळलं नाही. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं. ते टेंगूळ घेऊनच ते दुकानात उभे होते.

"ऑफिसात असतात तशा पट्ट्या लावू, आबा," संघर्ष म्हणत होता. "उभ्या, पांढऱ्या. छान दिसतात."

"दिसत्यात कुनाला?" सरुबाई म्हणाल्या. "तुला व्हय?"

मग त्यांनी दुकानदाराला कामाला लावलं. भाऊसोंना दुकानाच्या आत भिंतीशी उभं केलं आणि एकेक कापड दुकानाच्या दारात, उन्हाच्या तोंडावर धरायला लावलं. कापड कुठलं, रंग कुठला, हे भाऊसोंना सांगायचं नाही.

"काय दिसतंय?"

"कायतरी धुरकाट."

"आन् आता?"

"आता काय धरलायस? मला न्हाय काय दिसत."

साईचा रंग गेला, निळा गेला, फुलांचं कापड गेलं. दुकानदार घामाघूम झाला. शेवटी सरुबाईंनी वाकून मांजराला हुसकलं आणि मला स्वतःच्या हाताने ओढून काढलं.

"वैनी, ते मांडवाचं कापड आहे," दुकानदार म्हणाला.

"असू दे की. धरा."

मला दारात धरलं. मागून ऊन माझ्यात शिरलं. भाऊसो भिंतीपासून दोन पावलं पुढे आले. त्यांचा चेहरा बदलला.

"आगं, त्यो काय हाय आगीगत?"

संघर्षने कपाळावर हात मारला. "आई, बंगल्याला मांडवाचा पडदा? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या कपाळाला टेंगूळ आलंय काय?" सरुबाई म्हणाल्या. माझी निवड झाली ती अशी.

शिवायला मी गैबीकडे गेलो. गैबी पडदे शिवायचा आणि घरी जाऊन ते टांगूनही द्यायचा. त्याने मला चांगलं लांब, फरशीवर लोळेल असं शिवलं. तेव्हा तशी पद्धत होती. सरुबाईंनी ते पाहिलं आणि जागेवरच उसवायला लावलं. "गैबीभाऊ, त्यांच्या पायात यील त्यो. फरशीपासून इतभर वर पायजे." मग गैबीची बायको मदिना हिने खालच्या काठाला नवी मुडप घातली आणि वाऱ्याने मी उडू नये म्हणून मुडपीत लोखंडी वायसर, नटाखाली घालतात त्या गोल चकत्या, शिवून टाकले.

टांगण्यावरूनही वाद झाला. गैबीला पडद्याची नळी चौकटीच्या आतच बसवायची होती, म्हणजे काम लवकर उरकलं असतं. पण तशी बसवली तर पडदा सारल्यावरही त्याचा गठ्ठा वाटेतच लोंबणार, आणि भाऊसोंचा खांदा त्यात अडकणार. मग नळी चौकटीच्या वर, भिंतीला ठोकायची ठरली, आणि दारापेक्षा दोन हात लांब. मी सरकलो की पुरता भिंतीवर जाणार, वाटेत एक चुणीसुद्धा उरणार नाही. वर सिमेंटची तुळई होती. गैबीचं ड्रिल आतल्या गजाला लागून किंचाळत होतं आणि तो ओरडत होता, "ह्यो काय बंगला हाय का किल्ला हाय ओ, भाऊसो?" पितळी कड्या माझ्या डोक्यात ओवल्या गेल्या. मी पहिल्यांदा सरकलो तेव्हा खळ्ळ असा आवाज झाला.

"ह्यो आवाज बरा हाय," भाऊसो म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. सरुबाई, संघर्ष आणि सून निशा. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर होती, तिच्याखाली खुर्चीवर बसून त्यांनी घरासाठी नियम घातला.

"काच लागली की पडदा वडायचा. काच उघडली की पडदा सारायचा. पडदा दिसला तर मी थांबनार, न्हाय दिसला तर सरळ चालनार. ह्यात बदल न्हाय. कारखान्यात लाल दिवा लागला म्हंजे लागला, तिथं कुनी मनात आलं म्हनून विझवत न्हाय."

"आणि मामा, काठी घेतली तर?" निशाने हळूच विचारलं.

"काठी धरली की लोक हात धराय येत्यात," भाऊसो म्हणाले. "मला माझ्या परड्यात माझ्या पायानं जायाचंय."

मागच्या फरशीपलीकडे त्यांचं परडं होतं. पेरूचं झाड, मिरच्यांचे दोन वाफे, अळू आणि एक दगडी बाक. रोज दुपारची झोप झाली की ते उठायचे. मी भिंतीला गोळा झालेला असायचो, समोर उजेडाची मोकळी वाट असायची. त्या वाटेने ते मान ताठ ठेवून, खिशात हात घालून बाहेर जायचे. जाताना माझ्या काठावरून बोटं फिरवायचे. मिरच्या चाचपून बघायचे, झाडाला पाणी घालायचे, बाकावर बसून बॉयलरच्या गोष्टी पेरूला सांगायचे. नजर जाणाऱ्या माणसाजवळ एवढंच उरलं होतं, पण ते पुरतं त्याचं होतं.

ती माझी चांगली वर्षं. लोक मला हसायचे. शेजारच्या झुंबरबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थबकल्या. "काय ओ भाऊसो, आत लगीन हाय काय?"

"हाय की," भाऊसो म्हणाले. "रोज हाय. जेवून जावा."

घरातल्यांना माझी सवय झाली. काचेला हात लावला की दुसरा हात आपोआप माझ्याकडे यायचा. आलेल्या पाहुण्यालाही हा नियम पाण्याआधी सांगितला जायचा. भाऊसोंची नजर आणखी गेली. माणसांचे चेहरे गेले, सुनेच्या साडीचा रंग गेला. मी मात्र दिसत राहिलो.

आमच्या कोल्हापुरात नवरात्राच्या आधी घरातलं कापड न् कापड धुवायची चाल आहे. वाकळा, चादरी, सतरंज्या, पडदे, पायपुसणी, कपाटातली लुगडी-सदरेही, सगळं गाठोड्यात बांधून पंचगंगेवर न्यायचं. घरात कोरडं काही मागे ठेवायचं नाही. गल्लीतल्या बायका मिळून टेम्पो करतात. सरुबाईंच्या घरी घट बसत नसत, पण दसऱ्याला विहारात वंदना असायची, पाहुणे यायचे, आणि धुण्याच्या बाबतीत त्या कुणाला हार जात नसत.

दरवर्षी त्या मला मात्र घरीच ठेवायच्या. टांगलेलाच, ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या. १९९९ साली झुंबरबाई टेम्पो दारात उभा करून आत आल्या आणि मला बघून त्यांनी नाक मुरडलं.

"समदं घर धुतलंसा आन् ह्यो असाच? आवं सरुबाई, काठ बघा की, नुसता काळाकुट्ट. दसऱ्याला पावणं यायचं आन् दारात ह्यो मळका लोंबतोय."

सरुबाईंना ते लागलं. त्या घुटमळल्या. भाऊसो दुपारचे आडवे झाले होते. मग त्यांनी काच एका टोकापर्यंत पुरती सरकवली, वाट मोकळी केली, आणि मगच स्टुलावर चढून मला उतरवलं. नियम त्यांनी मोडला नाही, मित्रांनो. पडदा नाही, तर काच उघडी. उघडल्यावरही त्यांना राहवलं नाही, म्हणून जाता जाता कागदाचा बोळा घेऊन ती काच त्यांनी लख्ख पुसली.

"निशा, दार उघडंच ऱ्हाऊ दे गं," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारून सांगितलं. "मी सांजचं यीनच."

"व्हय आत्ती," आतून आवाज आला.

घाटावर गर्दी होती. दगडादगडावर धुणं आपटल्याचे आवाज घुमत होते. माझ्यातून इतका मळ निघाला की झुंबरबाईंनाही बोलायला जागा उरली नाही. सरुबाई खुशीत होत्या. "बघा, लगनाचा मांडव निगाला की न्हाय आतनं," असं म्हणत त्यांनी मला उन्हात पायऱ्यांवर पसरलं.

तेवढ्यात पावसाची सर आली. ऊन तसंच होतं आणि वर तिरकी सर. बायका हसत, ओरडत कपडे गोळा करायला धावल्या. सरुबाई मात्र माझा काठ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"निशा दार लावंल," त्या म्हणाल्या.

"लावू दे की," झुंबरबाई म्हणाल्या. "न्हायतर फरशी भिजंल."

"मी जातू घरला."

"आवं, घरला काय वाघ आलाय? ऱ्हायल्यात चार वाकळा, पिळून जाऊ संगंच."

सर थांबली. सरुबाई पुन्हा दगडाशी बसल्या. पण धुण्यात त्यांचं चित्त नव्हतं. त्या सारख्या रस्त्याकडे बघत होत्या.

बऱ्याच वेळाने त्याच रस्त्याने संघर्षची स्कूटर आली. तो पायऱ्या उतरून आला आणि आईसमोर नुसता उभा राहिला. त्याच्या शर्टाची एक बाही लाल होती.

"काच?" सरुबाईंनी विचारलं.

त्याने मान खाली घातली.

हातात होतो म्हणून त्यांनी मला ओलाच छातीशी धरलं आणि स्कूटरवर बसल्या.

घरी काय झालं ते मला नंतर, घरातल्या बोलण्यातून कळलं. सर आली, पाणी तिरकं आत आलं, नुकतीच पुसलेली फरशी भिजू लागली. निशा धावत आली आणि तिने काच ओढून घेतली. सवयीने तिचा दुसरा हात माझ्याकडे गेला. तिथे मी नव्हतो. पाऊस थांबला की काच उघडू, असं मनाशी म्हणून ती गच्चीवरचे पापड काढायला गेली. पाऊस थांबला. ऊन पडलं. आणि भाऊसो उठले. समोर आगीगत काही दिसत नव्हतं. वाट मोकळी होती. ते खिशात हात घालून सरळ चालत गेले.

काच साधी होती. ती फुटली आणि तिचा एक लांब तुकडा त्यांच्या काखेत शिरला. निशा आवाज ऐकून खाली धावली. रक्त थांबवायला बांधायचं म्हणून तिने कपाट उघडलं, पलंग धुंडाळला, कपड्यांची दोरी बघितली. घरात एक धडूतं नव्हतं. चादर, टॉवेल, पंचा, पायपुसणं, सगळं नदीवर. तिने अंगावरच्या साडीचा पदर दाताने फाडला आणि तो त्यांच्या काखेत दाबून धरला. तो पुरला नाही. तेवढ्यात घरी आलेल्या संघर्षने त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि मग तो घाटाकडे निघाला.

सरकारी दवाखान्यात भाऊसो खाटेवर होते. तोंडाचा रंग उतरला होता. सरुबाई उशाशी बसल्या. मी त्यांच्या मांडीवर. भाऊसोंचा हात चाचपडत पुढे आला आणि माझ्या ओल्या काठावर थांबला. त्यांनी मला लगेच ओळखलं. मुडपीतला एक वायसर त्यांनी बोटात धरला.

"कुठं गेलता ह्यो?" त्यांनी विचारलं.

सरुबाईंनी माझा काठ त्यांच्या मुठीत नीट दिला.

"न्हवता म्हनून म्या म्हटलं, वाट मोकळी हाय."

एवढंच. दिवस मावळायच्या आत ते गेले. बोटातला वायसर सरुबाईंना हलकेच सोडवून घ्यावा लागला.

त्यानंतर त्या दारात संघर्षने लाकडी फळ्यांचं दार बसवलं. हॉलमध्ये दिवसाही दिवा लावावा लागे. पेरूचं झाड वाळलं, की कुणी तोडलं, ते मला माहीत नाही, कारण मी ट्रंकेत होतो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात, घड्या घातलेला. वायसर गंजले आणि माझ्या मुडपीवर तांबडे डाग पडले. बाहेरचं सगळं मला फक्त ऐकू यायचं. सरुबाईंनी निशाला कधी एक शब्द लावला नाही. निशानेही कधी विचारलं नाही की पडदा का काढलात. भाजीत मीठ किती, गॅस संपला का, एवढंच बोलणं उरलं. एकीने मला उतरवलं होतं, दुसरीने काच ओढली होती, आणि दोघी एकाच घरात सहा-सात वर्षं एकमेकींना ताट वाढत होत्या. नवरात्र आलं की झुंबरबाईंचा टेम्पो दारावरून न थांबता जायचा.

मग २००६ साली संघर्षने बंगला विकला आणि फ्लॅट घेतला. तिथेही हॉलला गॅलरीचं दार काचेचंच. आता सगळीकडेच काच आली होती. बँकेला काच, दवाखान्याला काच, साडीच्या दुकानाला काच. संघर्षने त्या दाराला अखेर त्याच्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या. त्या दिवसभर गोळा करून ठेवलेल्या असत आणि काच नागडी.

एका सकाळी सरुबाईंनी ट्रंकेचं झाकण उघडलं. त्यांनी मला फरशीवर पसरलं, डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं. मग कात्री घेतली आणि मला उभं कापायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं नाही. नुसतं घडीत पडून राहण्याचा मला कंटाळा आला होता.

"आई, हे काय आता?" संघर्ष म्हणाला. "नव्या काचेला चिंध्या चिकटवणार?"

त्या उठल्या. एक पट्टी घेऊन काचेजवळ गेल्या आणि डोळ्यांच्या उंचीवर ती आडवी धरली. दुसरं टोक सारखं सुटून खाली येत होतं. तेव्हा निशा स्वयंपाकघरातून आली. हात पदराला पुसले आणि तिने ते टोक धरलं.

"जरा खाली घ्या, आत्ती," ती म्हणाली. "मामांच्या छातीइतकं."

सरुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काच कुठल्या उंचीवर फुटली होती, हे त्या घरात निशाने एकटीने पाहिलं होतं. इतकी वर्षं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

सरुबाईंनी आपलं टोक खाली घेतलं. "हितं?"

"आणि थोडं. हां. हितं."

दोघींनी मिळून मला चिकटवलं. मग सरुबाई तिथेच फरशीवर बसल्या, आणि निशा त्यांच्या शेजारी बसली. त्या दिवशी भाजी एकीने निवडली आणि दुसरीने चिरली, एकाच ताटात.

माझ्या उरलेल्या पट्ट्या सरुबाई पिशवीत घालून हिंडल्या. जिथे कोरी काच दिसेल तिथे थांबायच्या. बँकेच्या दाराला लावली, ती शिपायाने काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. साडीच्या दुकानातली पोरं म्हणायची, "आली बघ खुळी म्हातारी." एका दवाखान्याच्या दारावर मात्र माझी पट्टी वर्षभर टिकली. त्या काचेवर वर्षभरात कुणी आदळलं नाही, पण ते कुणी लिहून ठेवत नाही.

आता सरुबाईही नाहीत. पिशवीतल्या पट्ट्या कुठे गेल्या, कुणास ठाऊक. मी तेवढा गॅलरीच्या काचेवर उरलो आहे. माझा झेंडू फिका पडला आहे. घरी येणारे पाहुणे मला बघून विचारतात, हे काढत का नाही? निशा म्हणते, "ऱ्हाऊ दे." दसऱ्याच्या आधी ती सगळं घर धुते, काचही पुसते, पण माझ्या भोवतीने. आणि नदीवर गाठोडं जातं तेव्हा एक जुनी चादर कपाटात मागे ठेवते.

मित्रांनो, घर धुवा, काचा लख्ख करा, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या खुणेच्या आधाराने घरातलं कुणी माणूस चालतं, ती खूण मळली म्हणून उतरवू नका. उतरवलीच, तर आधी त्या माणसाला जागं करून सांगा. आणि अशी एखादी चिंधी कुठल्या काचेवर दिसली, तर नखाने खरवडू नका.

दुपारी ऊन फिरलं की ते माझ्यातून आत येतं आणि फरशीवर झेंडूच्या रंगाचा एक पट्टा पडतो. कुठे गेलता म्हणून भाऊसोंनी मला विचारलं होतं. या काचेवर आल्यापासून मी जागा सोडलेली नाही.